एका दातात दोन बायका

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांगातले दोन हात तूर्त बाजूला ठेव. त्यांच्यामुळेच हे पत्र लिहायची पाळी आली आहे.)

अक्षर ओळखून पत्र फाडायला घेतलं असशील तर पहिलं पान होईपर्यंत तरी दम धर. पुढची फाडलीस तरी चालतील. तुझी तब्येत बरी असेल अशी आशा आहे. 'आशा' म्हणायचं कारण असं, की दोन वर्षांत मी जेव्हा जेव्हा फोन केला तेव्हा भाऊजींनीच उचलला आणि तू आंघोळीला गेल्याचं सांगितलं. (एकदा तर दुपारी चार वाजता. माणूस एवढ्या आंघोळी करायला लागला की त्याच्या तब्येतीची काळजी वाटणारच.) भाऊजींचा गुडघा कसा आहे? अजून प्रत्येक पायरीला 'आई गं' म्हणतात का? भाची पास झाल्याचं त्यांच्याकडूनच कळलं, म्हणजे त्यांना सांगायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं. तिला माझा आशीर्वाद सांग. सांगणार नाहीस हे माहीत आहे, तरी सांग. इकडे आम्ही सगळे मजेत. तुझी भावजय 'तुम्हा बहीणभावंडांच्या मध्ये मी पडणार नाही' असं म्हणते आणि मग त्याच विषयावर तासभर बोलते.

आता मुद्द्याचं. प्रयोगशाळेतल्या ज्या आतल्या खोलीत मी चौदा वर्षं काम केलं, तिथली माझी जागा जायची वेळ आली आहे. महिनाअखेरीस आमच्या मोठ्या बाई काय तो निकाल देणार आहेत. आणि या सगळ्या भानगडीच्या मुळाशी आहेत आईचे ते राखाडी लोकरीचे, बोटं उघडी राहणारे हातमोजे. हो, तेच. ज्यांच्यासाठी तू आई गेल्यावर कपाटं उपसलीस, गाद्या उलट्या केल्यास, शिवणाच्या मशीनचा खालचा खण पायाने ओढून तोडलास. आणि ज्यांच्याबद्दल मी तुझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, की मी ते डोळ्यांनी पाहिलेलेसुद्धा नाहीत. वर तुलाच म्हणालो की तुझं डोकं ठिकाणावर नाही, तूच कुठेतरी ठेवून विसरली असशील. ताई, ते त्या वेळी माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होते. तुझ्या डोक्यावर मी डावा हात ठेवला होता, कारण उजव्याने खिसा दाबून धरला होता. (लिहून टाकलं एकदाचं. जरा पाणी पिऊन येतो.)

प्यायलो. मी तिथे नक्की काय करतो हे तुला कधी नीट कळलेलं नाही. तू लोकांना 'भाऊ हाडांच्या दवाखान्यात आहे' असं सांगतेस, त्यामुळे तुझ्या शेजारणीने मला दोनदा कंबरदुखीवर औषध विचारलं. दवाखाना नव्हे गं. आमच्याकडे जो पेशंट येतो त्याला जाऊन चाळीस-पन्नास हजार वर्षं झालेली असतात, आणि तोही सगळा येत नाही. कधी एखादा दात येतो, कधी करंगळीचं पेर. माझं काम एवढंच, की दातांच्या डॉक्टरांकडे असते तशा बारीक ड्रिलने त्या दाताला भोक पाडायचं आणि चिमूटभर भुकटी काढायची. त्या भुकटीत डीएनए असतो, म्हणजे ते माणूस कोण होतं, कुणाच्या पोटचं होतं, याचा मजकूर. फक्त वाळवी लागलेल्या वहीसारखा, तुकड्या-तुकड्यांचा. ते तुकडे आमची संगणकवाली जुळवत बसते. ती बाई दिवसभर पडद्याकडे बघून मान हलवते आणि कधीकधी 'छे छे' म्हणते, तेवढंच आम्हाला कळतं.

आणि त्या तुकड्यांतून काय काय बाहेर पडतं ते विचारू नकोस. (विचारलं नाहीस हे खरं, पण मी सांगणार.) आपल्यासारखी माणसं तेव्हा एकटी नव्हती. निअँडरथल म्हणून थोराड हाडांची एक मंडळी होती, ती निदान जुन्या हाडांवरून ठाऊक होती. पण त्यांचे चुलते-पुतणे शोभतील असे डेनिसोव्हन म्हणून आणखी एक घराणं होऊन गेलं, त्याचा कुणाला पत्ताच नव्हता. तो लागला एका मुलीच्या बोटाच्या नखाएवढ्या हाडातून! बरं, ही सगळी मंडळी संपली, नावनिशाणी राहिली नाही असं म्हणावं, तर त्यांचा मजकूर आपल्याच अंगात सापडतो. तुझ्या-माझ्यात शंभरातला एक-दोन भाग निअँडरथलांचा निघेल. म्हणजे आपले पूर्वज त्यांच्याकडे जाऊन-येऊन होते, आणि नुसते ख्यालीखुशाली विचारायला नव्हे. एका मुलीच्या हाडाच्या तुकड्यावरून तर असं कळलं, की तिची आई निअँडरथल आणि बाप डेनिसोव्हन. (कुठल्या भाषेत भांडत असतील देव जाणे.) उंच पठारावरच्या काही लोकांना विरळ हवेत दम लागत नाही, तो गुण डेनिसोव्हनांकडून आलेला आहे. भाऊजींच्या वाट्याला तो आलेला दिसत नाही.

आता यात धोका एकच, आणि तो म्हणजे जिवंत माणूस. जुना डीएनए इतका थोडा आणि इतका झिजलेला असतो, की आपल्यातलं कुणी नुसतं शिंकलं तरी आपला ताजा, धडधाकट मजकूर त्याच्या छाताडावर बसतो. म्हणून आतल्या खोलीत जायचं तर आधी आंघोळ (तुला जमेल), मग धुतलेले कपडे, त्यावर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, तोंडाला फडकं, डोळ्यांवर चष्मा, रबरी हातमोजे एकावर एक दोन. टेबलं ब्लीचने पुसायची, आत कुणी नसताना जंतू मारायचा दिवा लावायचा, वरून गार हवा सतत खाली सोडायची म्हणजे धूळ आत येत नाही. चौदा वर्षांत माझा एक कण आत सांडला नाही. मोठ्या बाई नव्या लोकांना 'यांच्याकडे बघून शिका' असं सांगतात. म्हणजे सांगत असत.

त्या गार हवेनेच घात केला. माझं उजवं मनगट गेली काही वर्षं ठणकतं, ते तुला माहीत नाही, कारण तू आंघोळीला गेली होतीस. तास-तास ड्रिल धरून बसलं की बोटं आखडतात. आईचंही अगदी असंच व्हायचं ना? ते हातमोजे तिने त्यासाठीच विणले होते. मी एक दिवस ते झग्याच्या आत घातले, फार बरं वाटलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा घातले. रबरी हातमोजे आणि झग्याची बाही यांच्यामध्ये लोकरीची एक बोटभर पट्टी उघडी राहायची, पण कुणाच्या लक्षात आलं नाही. खरं सांगायचं तर मनगट हे निमित्त. ते मी धुतलेले नव्हते. नाकाजवळ नेले की अजून आईच्या बामाचा वास येतो. मला तिची फार आठवण येते ताई, आणि पन्नाशीच्या माणसाने हे कुणाला सांगायचं?

तर असा मी सजूनधजून बसलेला असताना तो दात आला. दाढ होती, चांगली दांडगी, आपली एरवी असते तिच्या दीडपट. मोठ्या बाईंनी तिच्यासाठी तीन वर्षं पत्रापत्री केली होती. कुठल्या घराण्यातली ते कळत नव्हतं आणि भोक पाडायला परवानगी फक्त दोनदा. पहिल्यांदा मी पाडलं. महिनाभराने निकाल आला तो अचाटच! दाताची मालकीण ही बाई आहे, आणि ती निअँडरथल नाही, डेनिसोव्हन नाही, थेट आपल्यासारखी आहे! एवढ्या जुन्या थरात, एवढ्या मोठ्या दाढेची, आणि आपल्यातली! मोठ्या बाई एरवी जोरात हसतसुद्धा नाहीत, त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना चहा दिला आणि फळ्यावर त्या बाईचं वर्णन लिहायला घेतलं. म्हणाल्या, ही बाई आपल्या लोकांना मागे टाकून, कुणी बोलावलं नसताना, परक्यांच्या गुहेत सरळ शिरलेली असणार. भीती म्हणून ठाऊक नसणार. आत गेल्यावर तिथल्यांनाच कामाला लावलं असणार. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मला तर त्या बाईबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली, का ते कळेना.

दुसऱ्या दिवशी संगणकवालीने तीनदा 'छे छे' म्हटलं. जुन्या डीएनएचे तुकडे लहान असतात आणि दोन्ही टोकांना झिजून अक्षरं बदललेली असतात, तीच त्याच्या वयाची खूण. हे तुकडे लांबलचक, टोकं शाबूत. ही बाई चाळीस हजार वर्षांपूर्वीची नाही, अलीकडची आहे, अगदी परवा-परवाची. तिने झिजलेले तेवढे तुकडे निवडून वेगळे काढले तेव्हा त्यांच्या आड आणखी एक बाई दिसायला लागली, ती खरी मालकीण, पण इतकी अंधुक की कुठल्या घराण्यातली हे सांगता येईना. एका दातात दोन बायका, आणि ताजी बाई जुनीला बोलूच देईना! मोठ्या बाईंनी फळा पुसला. स्वतः पुसला, शिपायाला सांगितलं नाही, यावरून काय ते समज.

मग चौकशी. आत काम करणाऱ्या प्रत्येकाची थुंकी आमच्याकडे आधीच नोंदलेली असते, अशा वेळी चोर पकडायला. ताडून पाहिलं तर पुरतं कुणाशीच जुळेना. माझ्याशी मात्र बरोबर निम्मं जुळलं. मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि शांतपणे विचारलं, की तुमच्या जवळच्या नात्यातली कोणती बाई आत येऊन गेली? संगणकवाली आणि रखवालदार, दोघांनाही बोलावलं होतं. तो बिचारा वही चाळून चाळून सांगत होता की अशी कुणी बाई आली असती तर मी आडवा पडलो असतो. आणि ताई, इथे मी जे केलं ते लिहिताना लेखणी अडखळते. मी तुझं नाव घेतलं. म्हटलं, माझी थोरली बहीण मध्यंतरी भेटायला आली होती, तिला दुसऱ्याच्या चष्म्यावर हाऽ करून तो पुसून द्यायची सवय आहे, तेव्हाच काहीतरी झालं असणार. (ती सवय तुला आहेच. पण तू दोन वर्षांत माझ्या गावाकडे तोंडसुद्धा केलेलं नाहीस.) मोठ्या बाईंना पटलंही होतं. रखवालदाराने हुश्श केलं. तेवढ्यात संगणकवाली म्हणाली, बहीण नाही.

का नाही, तर सख्ख्या बहीणभावांचा मजकूर काही पानांवर अगदी तोच असतो आणि काही पानांवर मुळीच जुळत नाही. इथे प्रत्येक पानावर निम्मा, न चुकता. असं फक्त दोन माणसांच्या बाबतीत होतं, एक मुलगी नाहीतर आई. मला मुलगी नाही, एक मुलगा आहे, आणि त्याच्या मिशा बघता संगणकाची तशी गफलत होणं शक्य नाही. मोठ्या बाई अगदी अदबीने म्हणाल्या, मग आईंनाच विचारा ना, त्या कधी येऊन गेल्या. मी सांगितलं, आईला जाऊन दोन वर्षं झाली. ज्यांचा उभा जन्म मेलेल्या माणसांत गेला, त्यांना एका मेलेल्या माणसाबद्दल काय बोलावं ते सुचत नव्हतं.

मी बाह्या वर सरकवल्या. हातमोजे तेव्हाही माझ्या हातातच होते.

मोठ्या बाईंनी दोनच प्रश्न विचारले. कधी धुतलेत का? म्हटलं, नाही. का नाही? म्हटलं, बामाचा वास जाईल. त्यांनी खिडकीकडे तोंड केलं आणि बराच वेळ बाहेरच्या वाहनतळाकडे बघत राहिल्या, तिथे बघण्यासारखं काही नाही. मग वळल्या त्या पुन्हा मोठ्या बाई होऊन, आणि चौदा वर्षांत कुणी मला बोललं नव्हतं तेवढं अर्ध्या तासात बोलल्या. ते मी इथे लिहीत नाही, कारण सगळं खरं होतं. उजवा हातमोजा चिमट्याने उचलून पिशवीत घातला, वर तारीख घातली आणि शीतपेटीत उणे वीस अंशांवर ठेवला. डावा मी काढेपर्यंत पिशवी बंद झाली होती, म्हणून वाचला. तेव्हापासून मी बाहेरच्या खोलीत डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवतो. दुसरं भोक पाडायचं की दात तसाच परत पाठवायचा, आणि मी आत जायचं की नाही, हे महिनाअखेरीस ठरणार.

मला राहून राहून नवल वाटतं ते आईचं. जिथे 'प्रवेश बंद' लिहिलेलं असेल तिथे ती आधी जायची. माझ्या शाळेत परीक्षा चालू असताना डबा घेऊन वर्गात आली होती. तुझ्या बाळंतपणात डॉक्टरीणबाईंना बाजूला सारून आत घुसली होती. झगे, चष्मे, ब्लीच, गार हवा, जंतू मारायचा दिवा, एवढा बंदोबस्त करून आम्ही बसलो, आणि ही जाऊन दोन वर्षं झाल्यावर चाळीस हजार वर्षांच्या दाढेत जाऊन बसली! आणि बसली ती बसली, घरच्या मालकिणीला बोलू देत नाही. संगणकवालीला मी म्हटलं, हिच्यापुढे आमच्या वडिलांचंही कधी चाललं नाही. ती पहिल्यांदाच मान न हलवता हसली.

तर ताई, हे सगळं तुला कळवायचं होतं. माझं दुसरं काही मागणं नाही. तू रागावली आहेस ते बरोबरच आहे, आणि पत्राचं उत्तर यावं अशी अपेक्षाही नाही. भाऊजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा (दुसरं विशेषण तू लाव)

ता. क. पाकिटात निळ्या बुचाची एक नळी आहे. तिच्यात थुंकायचं आहे. आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, रेघेपर्यंत भरायचं, वरचा फेस धरत नाहीत. माझा विचार केलास तर लवकर भरेल. चेष्टा सोड, मागणं नाही म्हणालो ते खोटं होतं, पत्र यासाठीच लिहिलं. संगणकवाली म्हणते, आईचा मजकूर काय होता हे एकदा कळलं, की तेवढा दातातून वजा करता येईल, आणि मग ती जुनी बाई कोण, कुठल्या घराण्यातली, ते बोलायला लागेल. पण हातमोज्यात आई आणि मी दोन वर्षांत असे मिसळलो आहोत की कोण कुठलं ते सुटत नाही. माझ्यात आईची निम्मी पानं आहेत, तुझ्यात निम्मी. पण त्यातली काही दोघांना तीच आली आहेत, त्यामुळे आपण दोघं एकत्र आलो तरी आई पाऊणच होते. उरलेली पाव आता कुणाकडेच नाही. पाऊण पुरे, असं संगणकवाली म्हणते. आईला एखाद्या ठिकाणाहून उठवून आणायचं तर जिवंतपणीही आपण दोघंच लागायचो. मोठ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं आहे, नळी आली तर दुसरं भोक मी पाडायचं. नाही आली तर दात परत.

ता. क. २. तुझ्या भावजयीने पत्र वाचलं. म्हणाली, चार पानं लिहिलीत, त्यात 'चुकलो' हा शब्द कुठे आहे? शोधला, नाही सापडला. ताई, चुकलो. खोटी शपथ घेतली ते चुकलो, तुला विसरभोळी ठरवलं ते त्याहून जास्त चुकलो. तू दोन वर्षं स्वतःच्याच घरात ते हातमोजे शोधत होतीस असं भाऊजींच्या तोंडून निघून गेलं, तेव्हा मी फोन ठेवून दिला होता. लाइन तुटली असं नंतर म्हणालो. नव्हती तुटली.

ता. क. ३. डावा हातमोजा याच पाकिटात ठेवला आहे. धुऊ नकोस. पाकीट मी दोनदा चिकटवलं आणि दोनदा उघडलं, तेव्हा ते नीट झटकून बघ. सापडला तर तो तुझा. नाही सापडला तर मी तिसऱ्यांदा उघडलं असं समज, आणि घेऊन जायला ये.